नगर जिल्ह्यांतील गांवांचीं नांवें आणि त्यांच्या कथा

नगर जिल्ह्याचा नकाशा ज्या घरांत असेल त्या घरच्या मंडळींनीं तो पुढ्यांत घ्यावा. जिल्हा विस्तीर्ण आहे. त्याचें क्षेत्रफळ १७,०४८ चौरस किलोमीटर असून महाराष्ट्रांत याहून मोठा जिल्हा नाहीं. पश्चिमेच्या टोंकाला, सह्याद्रीच्या रांगेंत, रतनगड सांपडेल. तेथून एक निळी रेघ पूर्वेकडे निघते. अकोलें, संगमनेर हीं गांवें मागें टाकीत ती नेवाशाला पोंचते आणि थोडें पुढें जाऊन गोदावरीला मिळते. ही प्रवरा. या रेघेवर बोट ठेवून सावकाश पूर्वेकडे सरकत गेलें, तर पुराणांतील एक अख्खी कथा कांठाकांठानें सांडून ठेविलेली आढळते. एका गांवाला तिचा आरंभ मिळाला आहे, दुसऱ्याला मध्य, तिसऱ्याला शेवट. आणि ज्याच्या वांट्याला जो तुकडा आला त्यावरून त्यानें आपलें नांव सिद्ध केलें आहे.

कथा समुद्रमंथनाची. देव आणि दैत्य यांनीं समुद्र घुसळला, अमृत निघालें, आणि तें वांटण्यासाठीं विष्णूनें मोहिनीचें रूप घेतलें. राहु वेष पालटून देवांच्या पंगतींत बसला. सूर्यचंद्रांनीं त्याला ओळखलें व खूण केली. चक्र सुटलें आणि राहूचें मस्तक धडावेगळें झालें. परंतु अमृताचा घोंट तोंवर कंठापर्यंत उतरला होता. इतका भाग भारतांत सर्वत्र सांगतात. पुढचा भाग मात्र नगर जिल्ह्याचा स्वतःचा आहे.

मंथनांतून रत्नें निघालीं, म्हणून गडाचें नांव रत्नगड, त्याचा रतनगड झाला, असें पायथ्याच्या रतनवाडींत सांगतात. तेथील प्राचीन शिवमंदिर अमृतेश्वराचें असून त्यावर समुद्रमंथनाचें शिल्प कोरलेलें आहे. कापलेल्या कंठांतून जें अमृत ओघळलें तीच प्रवरा, म्हणून तिला अमृतवाहिनी म्हणतात. मस्तक उडालें तें दूर मुळेच्या कांठीं जाऊन पडलें, तें गांव राहुरी. मोहिनीनें जेथें बसून अमृत वांटलें तें नेवासें. आणि उरलेली काया जेथें पडली तें गोदावरीपलीकडील कायगांव.

कथा ऐकतांना चौकस श्रोत्याला दोन अडचणी लगेच दिसतील. पंगत नेवाशाला बसली असेल तर राहूचा कंठ रतनगडावर कसा कापला गेला? नदीचें मूळ आणि नदीचें मुख या दोहोंनींही एकाच प्रसंगावर हक्क सांगितला आहे, आणि दोघांच्या मध्यें साऱ्या प्रवरेचें अंतर आहे. दुसरें असें कीं, राहुरींतला राहु सोडला तर मागें उरणाऱ्या 'री'चा हिशेब कथा देत नाहीं. शिवाय पुणें जिल्ह्यांत दौंड तालुक्यांत राहू नांवाचेंच एक गांव आहे. शीर एकच असल्यामुळें तें दोन ठिकाणीं पडलें असें कोणाला म्हणतां येणार नाहीं.

कायगांवचा घोटाळा याहून मोठा आहे. तेथें राहूला प्रतिस्पर्धी आहे. दुसरी कथा रामायणांतील मारीचाची. सुवर्णमृगाच्या मागें राम धांवत आला, त्यानें बाण सोडला. बाणाचें टोंक पडलें तें अलीकडचें टोकें गांव, आणि मृगाची काया पडली तें पलीकडचें कायगांव. या कथेची एक गंमत अशी कीं, तिनें नदीच्या दोन कांठांवरील दोन गांवें एका बाणानें टिपलीं. आज टोकें नगर जिल्ह्यांत आणि कायगांव छत्रपति संभाजीनगर जिल्ह्यांत गंगापूर तालुक्यांत मोडतें. महसुली दप्तरानें त्यांची फारकत केली असली तरी कथेनें केलेली नाहीं. एकाच कायेवर दोन पुराणांचा दावा असतां गांवकऱ्यांनीं निवाडा करण्याची घाई केली नाहीं; दोन्ही कथा ठेवून घेतल्या, हेंच शहाणपणाचें.

अशा व्युत्पत्तींना लोकव्युत्पत्ति असें नांव आहे, आणि भाषाशास्त्रज्ञ त्यांना सहसा दाराबाहेर उभे करतात. नांव आधीं असतें, त्याचा अर्थ विसरला जातो, आणि मग विसरलेल्या अर्थाच्या जागीं ओळखीची कथा येऊन बसते, असें त्यांचें म्हणणें आहे. तें बव्हंशीं खरें आहे. तथापि स्थलनामें हीं इतिहासाचीं साधनें होत, हें राजवाड्यांसारख्या संशोधकांनीं दाखवून दिल्यावर कथेलाही एकदम हांकून देतां येत नाहीं. कथेंतून नांवाचें मूळ कळलें नाहीं तरी नांव सांगणारांचें मन कळतें. आणि कांहीं ठिकाणीं मूळही कळतें.

नेवाशाचेंच पाहावें. या क्षेत्राचें माहात्म्य त्याला निधिवास म्हणतें. येथें कुबेराचा निधि ठेविलेला होता अशी त्यामागील समजूत. निधींतील धकाराचा हकार होऊन तो पुढें गळणें आणि निधिवासाचें नेवासें होणें हें मराठीच्या चालीला धरून आहे. कुबेराला कोणी पाहिलें नसलें तरी ध्वनींचा मार्ग मोकळा आहे. दुसरीकडून येथील देवतेचें नांव महालया, म्हाळसा. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस, शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्यें, ग्रंथ कोठें सिद्ध झाला हें सांगतांना गोदावरीच्या दक्षिण तीरावरील महालयेच्या या पंचक्रोश क्षेत्राचा उल्लेख केला आहे, आणि तें त्याच वेळीं अनादि म्हणून गणलें जात होतें. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनीं गीतेवरील टीका सांगितली असें मानतात तो पैसाचा खांब नेवाशाला अद्याप उभा आहे.

म्हाळसा हें नांव येथून फार दूरवर गेलें. जेजुरीच्या खंडोबाची राणी म्हाळसा ही नेवाशाच्या तिम्मशेट वाण्याची लेक, असें खंडोबाचे भक्त सांगतात. म्हणून नेवासें हें तिचें माहेर. गोव्यांत म्हार्दोळ येथें जी म्हाळसा आहे ती मोहिनीचेंच रूप मानली जाते. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं वेर्ण्याचें देऊळ पाडल्यावर ती म्हार्दोळला आली, आणि तिचेंही मूळ नेवाशाकडे दाखविणारी परंपरा आहे. नेवाशाला जें मोहिनीराजाचें देऊळ आहे तें अठराव्या शतकांत होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनीं बांधविलें. अमृताची पंगत खरी कीं खोटी हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, तरी एका लहान गांवाच्या नांवाभोंवतीं कोंकणपट्टीपासून गोदाकांठापर्यंतची माणसें कशीं गुंफलीं गेलीं, हें या कथेमुळें दिसतें.

प्रवरेचा कांठ अति प्राचीन आहे हें तर भूमीनेंच सांगितलें आहे. संगमनेरजवळ जोर्वें येथें १९५०-५१ सालीं आणि नेवाशाला १९५४ ते १९५६ या काळांत डॉ. सांकळिया व त्यांचे सहकारी यांनीं उत्खनन केलें. नेवाशाच्या थरांत अश्मयुगापासून सातवाहनांपर्यंत आणि पुढें मराठेशाहीपर्यंतच्या वस्तीचा माग लागला. जोर्व्यासारख्या आडगांवाचें नांव तर तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका संपूर्ण संस्कृतीला मिळालें. ताम्रपाषाण काळांतील ती तांबडी, काळ्या रेघांची खापरें जगांत कोठेंही दाखविलीं तरी जाणते लोक त्यांना जोर्वे म्हणूनच ओळखतात. यावरून राहूची कथा खरी ठरली असें कोणीं समजूं नये. उत्खननांत चक्र सांपडलें तें कुंभाराचें. परंतु ज्या कांठावर इतक्या पिढ्या एकामागून एक नांदल्या, त्या कांठाला आपलें मूळ थेट समुद्रमंथनापर्यंत नेण्याचा मोह पडला तर नवल कसलें?

याच कांठावर श्रीरामपूर तालुक्यांत दायमाबाद आहे. तेथें १९७४ सालीं कांशाच्या चार भारी मूर्ति निघाल्या: हत्ती, गेंडा, रेडा, आणि बैल जुंपलेला रथ हांकणारा पुरुष. वस्ती हजारों वर्षांची, पण नांव फार्सी वळणाचें. दायम म्हणजे सदैव, आबाद म्हणजे वसलेलें. गांव मात्र ओसाड पडलेलें.

प्रवरेकांठच्या संगमनेरला कथेची गरज पडली नाहीं. प्रवरा आणि म्हाळुंगी यांच्या संगमावरील नगर तें संगमनेर. येथें हें लक्षांत घ्यावें कीं 'नेर' आणि 'नगर' हे दोन शब्द नसून एकच आहे. प्राकृतांत नगराचें नयर झालें, आणि पुढें झिजून नेर राहिलें; पिंपळनेर, अमळनेर, जामनेर या नांवांत तेंच आहे, आणि जीर्णनगराचें जुन्नर झालें तेंही याच रीतीनें. नदीच्या पात्रांतील गोटा जसा घासून गोल होतो तसें हें नेर लोकांच्या तोंडीं घासून गोल झालें आहे. पारनेरचे लोक आपलें गांव पराशर ऋषींचें म्हणतात. पराशरनगर झिजतां झिजतां पारनेर झालें असेल, तर तेथें कथा आणि ध्वनिशास्त्र यांचा एकमेकांशीं तंटा नाहीं.

उलट ज्या शहरावरून जिल्ह्याला नांव मिळालें तेथें नगर हा शब्द कोऱ्या रुपयासारखा राहिला, कारण तें शहर त्या मानानें अलीकडचें. अहमद निजामशहानें २८ मे १४९० रोजीं भिंगारजवळ बहामनी फौजेचा पराभव केला आणि १४९४ सालीं त्याच परिसरांत सीनेच्या कांठीं शहर वसविलें. वसविणाराचें नांव अहमद, म्हणून अहमदनगर. यांत गूढ कांहीं नाहीं. जिल्ह्यांतील लोकांनीं पुढचा अर्धा भाग बोलण्यांत केव्हांच सोडून दिला आणि नुसतें नगर म्हणूं लागले. २०२४ सालीं शासनानें शहराला व जिल्ह्याला अहिल्यानगर हें नांव दिलें. अहिल्याबाई होळकरांचा जन्म १७२५ सालचा, याच जिल्ह्यांतील जामखेड तालुक्यांत चोंडी येथला. पहिलें नांव विजेत्या राजाचें, दुसरें लोकमान्य राणीचें. दोन्ही नांवें कोणीं दिलीं, केव्हां दिलीं हें सांगतां येतें, म्हणून लोककथेला त्यांत शिरायला जागा उरली नाहीं.

राजे, राण्या, ऋषि आणि राक्षस यांना गांवांत जागा मिळणें अवघड नसतें. साध्या माणसाचें नांव गांवाला पडणें विरळ, आणि पडलें तरी तें टिकणें त्याहून विरळ. या दृष्टीनें जिल्ह्याच्या दक्षिणेकडील श्रीगोंदें फार विचार करण्याजोगें आहे.

जुन्या मराठी कागदपत्रांत हें गांव श्रीगोंदें म्हणून शोधूं गेलें तर वाचकाची फसगत होईल. तेथें तें चांभारगोंदें आहे. महादजी शिंद्यांच्या घराण्याचे वाडे ज्या गांवीं आहेत तें चांभारगोंदें. मालोजी भोसल्यांनीं ज्यांना गुरु मानलें अशी परंपरा आहे त्या शेख महंमदांचा मठ ज्या गांवीं तें चांभारगोंदें. इंग्रजी अमदानींत गॅझेटियर लिहिणारांनीं श्रीगोंदें असा मथळा दिला खरा, पण लोकांच्या तोंडीं चांभारगोंदें आहे हें नमूद केलें, आणि त्याचें कारणही सांगितलें: येथें गोविंद नांवाचा एक भाविक चांभार होऊन गेला, त्याच्या नांवानें देऊळ उभें राहिलें आणि गांवाला त्याचें नांव पडलें.

ही कथा राहूच्या कथेहून वेगळ्या जातीची आहे. तींत चमत्कार नाहीं. गोविंदाचें गोंदा होणें हें तर कोणत्याही मराठी घरांत रोज घडतें. त्याला ग्रंथाचा आधार नको. शंकेला जागा एवढीच कीं गोंदें नांवाचीं गांवें इतरत्रही आहेत. नाशिक जिल्ह्यांत सिन्नरकडे एक आहे, आणि तेथें कोणी गोविंद चांभार सांगत नाहीं. तेव्हां गोंदें आधीं आणि चांभार मागून, असेंही झालें असेल. पण तसें धरलें तरी प्रश्न सुटत नाहीं, उलट वाढतो. अनेक गोंद्यांपैकीं हें गोंदें कोणतें, हें ओळखण्यासाठीं शेजारपाजारच्या लोकांनीं पाटलाचें किंवा किल्लेदाराचें नांव न घेतां चांभाराचें नांव कां घेतलें? त्या माणसाची कांहीं तरी योग्यता लोकांना वाटली असली पाहिजे. ज्या काळीं चांभाराला देवळाच्या पायरीपलीकडे जाण्याची मुभा नव्हती, त्या काळीं त्याचें नांव घेतल्यावांचून गांवाचें नांव पुरें होत नव्हतें, ही गोष्ट लहान नाहीं.

आणि याच गांवीं शेख महंमदासारख्या मुसलमान साधूनें सतराव्या शतकांत मराठींत 'योगसंग्राम' लिहिला व वारकरी मंडळींनीं त्याला आपल्या संतांत बसविलें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे चांभाराच्या नांवाचें गांव ही एकटी पडलेली गोष्ट वाटत नाहीं. त्या भूमीला अशी संवय होती.

पुढें चांभार जाऊन श्री आला. तो बदल आतां इतका रुळला आहे कीं तेथील मुलांना जुनें नांव सांगितलें तर थट्टा वाटावी. या बदलाकडे दोन बाजूंनीं पाहतां येतें. जातीचें नांव गांवाला चिकटलेलें असणें हें कोणाला कमीपणाचें वाटलें असेल, आणि ज्या शब्दाचा उच्चार हिणवण्यासाठीं होत असे तो शब्द नकाशावरून गेला हें बरेंच झालें, असें म्हणणाराचें चुकतें असें नाहीं. परंतु शब्दाबरोबर माणूसही गेला. श्री हा शब्द मंगल खरा, पण तो कोणाचाच नाहीं. कोणत्याही गांवामागें तो लावतां येतो. गोविंद मात्र त्या एका गांवाचा होता. गोंदें या उरलेल्या दोन अक्षरांत तो आहे कीं नाहीं, हें आतां जुनें दप्तर वाचणारालाच विचारावें लागतें.

गोविंदाचें झालें तें दुसऱ्या एका साध्या मनुष्याचें झालें नाहीं, आणि त्यासाठीं नकाशावरचें बोट पुन्हा पश्चिमेकडे, रतनगडाच्या उत्तरेला न्यावें लागेल. भंडारदऱ्याच्या धरणाच्या माथ्यावर, नगर व नाशिक जिल्ह्यांच्या सीमेवर, महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर आहे. उंची १,६४६ मीटर. इतक्या उंच शिखराला एखाद्या देवाचें, निदान चक्रवर्ती राजाचें नांव असेल अशी अपेक्षा करावी. त्याचें नांव कळसूबाई. आणि कळसू ही कोळ्याची मुलगी होती.

एकोणिसाव्या शतकांतील गॅझेटियरांत तिची जी हकीकत उतरून घेतली आहे ती थोडक्यांत अशी. कळसूला रानांत हिंडण्याची आवड. हिंडतां हिंडतां ती डोंगराच्या पायथ्याशीं इंदोर गांवीं आली आणि एका कोळ्याच्या घरीं कामाला राहिली. राहतांना तिनें एक अट घातली: भांडीं घासणें आणि केर काढणें हीं कामें मला सांगूं नयेत. घरच्यांनीं अट मान्य केली आणि कांहीं दिवस सारें सुरळीत चाललें. एके दिवशीं घरांतील कोणी तरी तिला भांडीं घासून केर काढण्यास सांगितलें.

येथें सामान्य कथाकारानें शाप आणला असता, घर जाळलें असतें, गांव बुडविलें असतें. ही कथा तसें करीत नाहीं. कळसूनें भांडण केलें नाहीं, अटीची आठवणही दिली नाहीं. सांगितलेलें काम तिनें पुरें केलें. मग ती निघाली, डोंगर चढून गेली, आणि मरेपर्यंत शिखरावरच राहिली. खालीं आलीच नाहीं.

तिला विद्या नव्हती, धन नव्हतें, तिच्या मागें राज्य नव्हतें. तिच्यापाशीं एक अट होती आणि ती मोडली गेली. मोलकरणीच्या शब्दाची किंमत घरच्यांनीं ठेविली नाहीं. डोंगराखालच्या लोकांनीं मात्र ती ठेविली, आणि ज्या माथ्यावर ती गेली त्याला बाई म्हणून हात जोडले. शिखरावर तिचें लहानसें देऊळ आहे. नवरात्रांत तेथें यात्रा भरते, आणि पायथ्याच्या बारी गांवापासून बायाबापड्या ती अवघड चढण चढून जातात. महसुली नकाशे काढणारांनीं, मोजणी करणारांनीं, सर्वांनीं तिचें नांव जसेंच्या तसें उतरून घेतलें. त्याला श्री लावून गुळगुळीत करण्याचें कोणाच्या मनांत आलें नाहीं.

डोंगरावरच्या दोन जागांनाही तिच्यामुळें नांवें पडलीं आहेत. त्या दिवशीं तिनें जेथें भांडीं घासलीं ती जागा थाळेमेळ, आणि जेथें केर टाकला तो काळदरा.